टॉवेलवरच्या लाटा

रविवारी जुळे सोलापूरला एक सेकंडहँड फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, कॅमेरा बघायला गेले होते. सोबत लॅपटॉप, माझा जुना कॅमेरा, मेमरी कार्ड आणि एक पांढरा टॉवेल.

टॉवेलचं कारण असं... नोकरी सांभाळून मी इथल्या एका कारखान्याच्या कॅटलॉगचे फोटो काढते. या वेळच्या बारीक विणीच्या टॉवेलवर फोटोत लाटा उमटत होत्या. बाहेरगावच्या व्यापाऱ्याला वाटलं मालातच दोष आहे, त्यानं ऑर्डर थांबवली. कारखान्याचे मालक सत्यमकाका रागावले नाहीत. मंगळवारपर्यंत नीट फोटो दे, नाहीतर दुसऱ्याला सांगावं लागेल, एवढंच म्हणाले.

मी इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनीअर. विणीची जाळी आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरवरच्या ठिपक्यांची जाळी एकमेकींवर आल्या की अशा लाटा दिसतात, हे मला माहीत होतं. म्हणजे सेन्सर, थोडक्यात कॅमेराच, बदलायला हवा, असं मी ठरवून टाकलं.

विकणारे बसवराज लग्नाचे फोटो काढतात. जाहिरातीत 'घरगुती वापर' लिहिलेलं आणि ग्रिपचं रबर झिजून गुळगुळीत... विचारलं तर म्हणाले, दुसऱ्याची जाहिरात बघून तशीच लिहिली, तीन सीझन लग्नं केलीत यावर. शटर काउंट, म्हणजे त्यावर आजवर किती फोटो काढलेत तो आकडा, न विचारता सांगितला. मी तरी लॅपटॉपवर तपासला. आकडा जुळला, तेव्हा कॅमेऱ्यात दुसराच काही दोष लपवत असणार असं वाटलं.

मग फरशीवर टॉवेल अंथरला. फरशीच्या रेघेला कड जुळवली, कॅमेरा स्टँडवर लावून लेव्हल बघितली आणि फोटो काढला.

लाटा तशाच.

बसवराज मागून स्क्रीनकडे बघत होते. "ताई, लई सरळ ठेवताय की," ते म्हणाले. लग्नात बारीक चौकड्यांच्या साडीवर हे नेहमी येतं, मावशींना जरा वळून उभं राहायला सांगायचं, बास. वाकून त्यांनी टॉवेल थोडा तिरका केला. पुढच्या फोटोत लाटा नव्हत्या.

मी माझा जुना कॅमेरा काढला. त्यातही नव्हत्या.

"मग हा विकायचाय ना तुम्हाला?" मी विचारलं. चांगलं गिऱ्हाईक मिळालं असेल, म्हणून मला टाळतायत, हा विचार खरंच डोक्यात आला होता.

"विकायचाय की. पण हा नेऊन तुमच्या लाटा जायच्या नाहीत, आणि तुम्ही परत माझ्याच दारात भांडायला याल."

घरी येऊन वेगवेगळ्या कोनांत वीस-बावीस फोटो काढून खात्री केली, अर्थातच. सोमवारी सगळे फोटो पाठवले, कॉम्प्युटरवर सरळ करून. व्यापाऱ्यानं थांबवलेली ऑर्डर पुन्हा सुरू केली, काम माझ्याकडेच राहिलं.

इतके दिवस मी कॅमेऱ्यावर संशय घेतला, विकणाऱ्यावर घेतला... कड रेघेला जुळवण्याच्या माझ्या सवयीवर एकदाही घेतला नाही.

तो कॅमेरा अजून विकायचा आहे. मी सहसा कुणाचं नाव सुचवत नाही. पण कुणाला हवा असेल तर मेसेज करा, नंबर देते. यंत्र मी तपासलंय. माणूसही.