मुठीतले तांदूळ

धंतोलीतल्या दवाखान्यात एक कादंबरी पेशंटच्या नातेवाइकांमध्ये फिरत असे. आमच्या ह्यांना तिथं ठेवलं होतं, तेव्हा शेजारी बसलेल्या बाईनं ती माझ्या हाती दिली. त्या बाईचं नाव विचारायचं राहूनच गेलं बघा.

"काकू, शेवटचा भाग मोठ्यानं वाचा नं. माह्या माणसाचं आपरेशन चालू आहे."

कहाणी ऐकताना घेतात तसे तिनं पिशवीतले तांदूळ मुठीत घेतले. पुस्तकातला आजारी नायक पुढच्याच पानावर देवाघरी गेलेला दिसला. मी त्याला वाचता वाचता बरा करून घरी आणला.

नवरा शुद्धीवर आल्याचं कळल्यावर तिनं मूठ सोडली. पुस्तक दुसऱ्या बाईला देत म्हणाली, "शेवट या काकूंकडूनच ऐकजा. पुस्तकातला मी कालच वाचला."