गार्डमामांचं करवतीचं मशीन

गार्डमामांच्या सदऱ्याच्या खिशात एक जुना राणीछाप रुपया असायचा, आणि तो रुपया माझा वैरी होता. करवतीचं कुठलंही मशीन पाहायला गेलं की मामा आधी ते सुरू करायला लावत. मग टेबलावर रुपया कडेवर उभा करत आणि कमरेवर हात ठेवून बघत राहत. रुपया आडवा झाला की मशीन नापास. "थरथरतंय. असल्या मशीनवर मी बोटं ठिवनार न्हाई," असं म्हणून रुपया खिशात टाकत आणि चालू लागत. मशीनचा मालक माझ्याकडे बघे आणि मी जमिनीकडे.

बहात्तरचा दुष्काळ सरता सरता मी दौंडच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो आणि मामांची पुढची खोली भाड्यानं घेतली. मामा मालगाडीचे गार्ड होते, नुकतेच निवृत्त झालेले. परसात त्यांनी पत्र्याची शेड टाकली होती. तिथे ते पाट, पाळणे, बाजेचे खूर असलं काहीबाही हौसेनं करत. माझी बायको शिरूरच्या शाळेत शिक्षिका होती. शनिवारी माझी शाळा सुटली की मी शिरूरची एसटी धरायची आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परतायचं, एवढाच आमचा संसार. तोही मामांनी धड होऊ दिला नाही.

लाकूड चिरायला त्यांच्याकडे लांब करवत होती, दोन्ही टोकांना मूठ असलेली. ती एकट्यानं चालत नाही. एका मुठीला मामा, आणि दुसऱ्या मुठीला कोण, हा प्रश्न मी पिशवी भरून उंबऱ्यावर आलो की बरोबर त्याच क्षणी त्यांना पडायचा. "मास्तर, तेवढा ओंडका चिरू आन् मग जावा शिरूरला. गाड्या काय, हायेतच." तेवढा ओंडका रविवारी दुपारपर्यंत चालायचा. मग शिरूरला पोचायचं ते तोंड दाखवायला, आणि ते तोंड बायकोला बघायचं नसायचं.

ज्यांना नाही म्हणता येत नाही अशी काही माणसं असतात. मामा त्यातले. जेवायला बोलवत, माझा ताप उशाशी बसून काढत. त्यांना कसं सांगायचं, की मामा, माझे खांदे भरून येतात आणि घरी माझी बायको वाट बघते?

करवत चालवण्याचा त्यांचा एक नियम होता. "आपल्या वाटनीचं वढायचं. ढकलायचं न्हाई. ढकललं की पातं वाकतं." हा नियम मोडला की काम थांबवून तो पुन्हा सांगत. बाकी वेळ त्यांची जीभ अखंड चालायची. कुठल्या घाटात गाडी कशी अडकली, पावसात सिग्नल कसा दिसेना, सगळं. एकदा म्हणाले, "सारी नोकरी शेवटच्या डब्यात काढली मास्तर. पुढं डायवर दोघं-तिघं असायची, मागं मी आन् माझा कंदील." मी हो म्हणून ओढत राहिलो. माझं लक्ष घड्याळाकडे होतं.

त्यामुळे मशीन यावं ही मामांपेक्षा माझीच गरज होती. दोन चाकांवर दातेरी पट्टा फिरतो, फळी पुढे सरकवायला एक माणूस पुरतो. एक माणूस! हे ऐकल्यावर मीच चौकशी करत सुटलो. शिरूरच्या एका वखारीत जुनं मशीन विकायचं होतं. लहानसं, घरच्या विजेवर चालणारं. मामांना ते इतकं आवडलं, की पायाच्या भोकांची मापं घेऊन त्यांनी दौंडला येताच सिमेंटचा कट्टा बांधला आणि त्यात चार बोल्ट उभे पुरले. पुढच्या रविवारी ते आणायला गेलो आणि तेव्हा यांना रुपया आठवला. रुपया पडला. कट्टा तसाच राहिला.

त्यानंतर पुण्याला गेलो. तिथे रुपया उभा राहिला. मला आनंदानं नाचावंसं वाटलं. मामांनी मशीनवर टिचकी मारली आणि म्हणाले, "बीड पातळ हाय. वतीव लोखंड कसं जाड पायजे." आणखी एका ठिकाणी वरचं चाक डुलत होतं. एकाचं टेबल बुटकं होतं. एका मशीनमध्ये काहीच खोट निघेना, तर म्हणाले, "मालकाचं तोंड बगितलं का? असल्या मानसाचं मशीन घरात आनायचं?" त्या दिवशी येताना मी मुद्दाम वेगळ्या बाकावर बसलो. ते खिडकीबाहेर बघत बसले.

कट्ट्याच्या बोल्टांना फडक्याची चार टोकं बांधून मामी त्यावर कुरडया वाळवायच्या. दसऱ्याला मामा त्या रिकाम्या कट्ट्यावर झेंडूची फुलं वाहायचे. "यील, यील. घाई न्हाई," म्हणायचे. मामी म्हणायच्या, "ह्यांचं मशीन यील तवा लाकूडच संपल्यालं आसंल." हसत सगळे, मी सोडून.

अखेर माझी शिरूरला बदली झाली. मामांना सांगितलं, तर ते नुसतं "बरं झालं" म्हणाले आणि रंधा मारत राहिले. निघताना मामींनी ओटी भरायला नारळ दिला, बायकोसाठी. मामा बाहेर आले नाहीत.

पंधरवडाभरानं राहिलेलं सामान न्यायला गेलो, तर परसातून घरघर ऐकू आली. कट्ट्यावर मशीन बसलेलं. शिरूरचंच. चारही बोल्ट बरोबर बसले होते. मी टेबलावर हात ठेवला, हाताला मुंग्या आल्या.

"मामा, हे तेच ना? रुपया उभा राहतो का आता?"

"न्हाई राहत."

"मग घेतलं कसं?" माझा आवाज चढला होता. "इतके दिवस मला ओढायला लावलंत, गावोगाव हिंडवलंत, आणि शेवटी हेच?"

मामांनी मशीन बंद केलं. मागच्या भिंतीवर मोठी करवत तेल लावून टांगलेली होती. तिकडे न बघताच ते म्हणाले, "आता दुसऱ्या मुठीला कोन हाय, मास्तर?"

मला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त राग आला. हे एकदा तोंडानं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? मी नुसता गप्पा मारायला आलो असतो, चहा प्यालो असतो आणि वेळेवर एसटी धरली असती. तो राग अजून गेलेला नाही. मामा जाऊन इतकी वर्षं झाली, तरी नाही.

त्यांनी मशीन पुन्हा सुरू केलं आणि एक आखूड फळी उचलली. "मागनं धरा जरा." ती फळी एका हातात मावणारी होती. धरायची काही गरज नव्हती. मी धरली. मग दुसरी, मग तिसरी. घाटातली अडकलेली गाडी पुन्हा एकदा सुटेपर्यंत माझी एसटी गेलेली होती.

शिरूरला पोचलो तर बायको दारात उभी. "मशीन आलं ना त्यांचं?" तिनं विचारलं. "मग आज कशाला उशीर झाला?"