लाल दगडांपाशी

आमच्या छावणीकडच्या गोल्फ क्लबात म्हाताऱ्यांची स्पर्धा थंडीत असते. म्हातारे म्हटलेलं कुणाला खपत नाही, म्हणून फळ्यावर 'ज्येष्ठ सदस्य' लिहितात. तर तिथं एक रिवाज आहे बघा. पुरुषांनी पहिला चेंडू पांढऱ्या दगडांपासून मारायचा. बायकांचे दगड लाल, बरेच पुढं, नाल्याच्या जवळ. पुरुषाची पंचाहत्तरी झाली की त्यालाही लाल दगडांवर आणतात. झेंडूचा हार घालतात, टाळ्या वाजवतात, आणि दुपारी त्यानं सगळ्यांना नानखलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, खाऊ घालायचा.

यंदा पाळी आमच्या ह्यांची होती.

हे पाटबंधारे खात्यातून रिटायर झाले तेव्हापासून रविवारची सकाळ म्हणजे क्लब. दुसरं कुठं जाणं नाही, कुणाकडं बसणं नाही. मीही साठीत तिथंच शिकले, ह्यांचं बघूनबघून. आणि स्पर्धेच्या तोंडावर हे जेवताना म्हणतात, "बायकांच्या दगडावरून खेळायचं असेल तर मी क्लबच सोडतो."

मी भाकरी वाढली. पण काळजी लागली. हा माणूस रविवारीसुद्धा घरात बसला तर कसं व्हायचं?

स्पर्धेच्या सकाळी मात्र काठ्या पुसून तयार. हार घालायचा मान लाल दगडांवरून खेळणाऱ्यांचा, म्हणून तो माझ्या हातात दिलेला. माझ्याशेजारी एक रिटायर कर्नल, ते आधीच लालवर आलेले. आम्ही वाट बघतोय, तर हे सरळ पांढऱ्या दगडांपाशी जाऊन उभे.

कर्नलांनी तिथूनच हाक दिली, "अरे साहेब, वहां से नाला पार नहीं होता अब. आइए इधर, भाभी हार लेके खड़ी है."

"खड़ी रहने दो," हे म्हणाले, आणि चेंडू मारला. चेंडू नाल्यात. दुसरा ठेवला, मारला, तोही नाल्यात. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

ह्यांनी पिशवी उचलली. फाटकाकडं जायची वाट लाल दगडांवरूनच जाते. जवळ आले तेव्हा हार मी मागं धरला आणि सहज बोलावं तसं म्हटलं, "इथं वारा समोरून येतो. मी पाच नंबरची काठी घेते."

"मला शिकवू नकोस."

"शिकवत नाय हो. माझं मी सांगतेय."

हे थांबले. नाल्याकडं बघितलं, पलीकडं भोकात रोवलेल्या झेंड्याकडं बघितलं. मग पिशवी खाली ठेवून मुद्दाम सहा नंबरची काढली, तिनं चेंडू कमीच लांब जातो. चेंडू नाल्याच्या पलीकडच्या काठावर कसाबसा टेकला. माझा त्याच्या बराच पुढं गेला. मग हार घातला, तेव्हा मान खाली केली त्यांनी, तेवढंच.

दुपारी नानखलिया खाताना हे सगळ्यांना सांगत होते, "हिचा चेंडू दगडावर आपटून पुढं गेला, नाहीतर काय."

कर्नल म्हणाले, "हां साहेब, वो पत्थर भी भाभी का ही है."

पुढच्या रविवारी मी लाल दगडांपाशी चेंडू ठेवत होते. मागून आवाज आला, "सरक जरा, आज आधी मी."