ती उभी राहिली होती

देवानं आपल्याला कसं बोलावलं, याची जी साक्ष मी मंडळीपुढं देतो, तिच्यातलं एक वाक्य दुरुस्त करायचं राहून गेलं आहे. ‘प्रभूनं मला सेवेसाठी बोलावलं तेव्हा माझी पत्नीही भर सभेत उठून उभी राहिली,’ असं मी आयुष्यभर गावोगावच्या ख्रिस्ती मंडळ्यांत सांगत आलो. उभी राहिली हे खरं आहे. ती का उभी राहिली, ते मी कधी सांगितलं नाही.

मी तेव्हा वरकुट्याला शाळेत गणित शिकवायचो. बायकोला त्या वर्षी बारामतीत डी.एड.ला प्रवेश मिळाला होता. लग्नाआधीपासून तिला शिक्षिका व्हायचं होतं, मुलं लहान म्हणून ती थांबली होती. माझ्या पगारावर घर चालेल, मग तीही नोकरीला लागेल, असं आमचं ठरलेलं. गणवेशाच्या साडीला तिनं फॉलसुद्धा लावून ठेवला होता.

इकडे माझं मन शाळेतून उडालं होतं. फळ्यावर उदाहरण मांडताना हात थांबायचा आणि वाटायचं, आपलं काम हे नव्हे. घरी मात्र मी एका शब्दानं बोललो नाही. बारामतीच्या संध्याकाळच्या सभेत पाळकांनी विचारलं, पूर्णवेळ सेवेसाठी कोण पुढं येतं? मी उठलो.

आमच्यात अशा वेळी संसारी माणसाच्या बायकोलाही उभं करतात. मंडळीच्या लेखी तोच तिचा होकार. पाळक बायकांच्या सतरंजीकडे बघून म्हणाले, “ताई, तुम्हीही उभ्या राहा.” शेजारी बसलेल्या बाईनं बायकोच्या मांडीवर झोपलेली आमची धाकटी उचलून घेतली. बायको उठली. टाळ्या झाल्या. मी नोकरी सोडतोय, हे तिला तिथं, सगळ्यांबरोबरच कळलं.

घरी आल्यावर तिनं एवढंच विचारलं, “मग माझं कॉलेज?”

“देव बघेल,” मी म्हणालो.

राजीनामा दिल्यावर एका विद्यार्थ्याचे आजोबा मला एसटी स्टँडवर भेटले. गाव त्यांना तात्या म्हणायचं. “आवं सर, पोरांचं गणित अर्धं राहिलंय,” ते म्हणाले. “देवाला एवढी कसली घाई हाय?” मी हसून वेळ मारून नेली.

घर पुढं तिच्या शिलाई मशीनवर चाललं. मी पणदऱ्यापासून वालचंदनगरपर्यंत सायकलनं फिरलो, आजाऱ्यांसाठी प्रार्थना केल्या, चार घरांत उपासना सुरू केल्या. लोक कामासाठी पांगले तशा त्या बंदही पडल्या. शेजारणी तिच्याकडे ब्लाउज टाकायला यायच्या आणि जाताना आपल्या मुलांचा अडलेला अभ्यास तिला विचारून जायच्या. तिनं शिकवायला सुरुवात केली की मी आतल्या खोलीत जाऊन बसायचो. तिला जे मिळालं नाही, तेच मी टाकून आलो होतो. देवानं मला खरंच बोलावलं होतं का, हे आज कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. प्रार्थनेला बसतो, पण पलीकडे कुणी असल्यासारखं वाटत नाही.

मागच्या महिन्यात बारामतीच्या मंडळीनं माझा सत्कार ठेवला. गुडघे दुखतात म्हणून बायको पहिल्या रांगेत खुर्चीवर बसली होती. मी साक्षीला उभा राहिलो आणि ठरवून सगळं खरं सांगितलं. तिला विचारलं नव्हतं, तिचं शिक्षण माझ्यामुळे बुडालं, हेही सांगितलं. लोक “आमेन” म्हणाले. तरुण पाळक माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “बघा, सेवकाची नम्रता अशी असते.” पुन्हा टाळ्या झाल्या.

परतताना आम्ही रिक्षात बसलो.

“एवढ्या लोकांना सांगितलंत,” ती म्हणाली. “सकाळपासून घरात आपण दोघंच होतो की.”

इतक्या वर्षांनी तिच्याबद्दलचं सगळं तिला मी परत चारचौघांतच ऐकवलं होतं.

हे लिहायला बसण्याआधी मात्र मी तिला विचारलं. ती तांदूळ निवडत होती.

“लिहा की,” ती म्हणाली. “फक्त शेवटी, मी माफ केलं म्हणून लिहू नका. तुमच्या लोकांना तेच ऐकायचं असतंय.”

“केलं नाहीस?”

“न्हाय,” ती म्हणाली, आणि ताट उचलून आत गेली.