न चाललेल्या यंत्राखाली माझी सही

सरांच्या सत्कारात पाच मिनिटं बोलायचं, असा फोन आला तेव्हा मी मंडईतून आणलेली गवार मोडत बसले होते. फोन करणारे आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थी संघाचे चिटणीस. सर त्याच शाळेचे विद्यार्थी, माझ्या काही वर्षं पुढचे.

"परदेशात त्यांच्या हाताखाली काम केलेल्या, पुण्यात तुम्ही एकट्याच," चिटणीस म्हणाले. "थोडं भावपूर्ण होऊ द्या."

विचार करून सांगते म्हणाले आणि फोन ठेवला. त्या दिवशी माझं जेवणाकडे लक्ष लागलं नाही.

मी सरकारी लेखापरीक्षक होते. नोकरीची शेवटची काही वर्षं प्रतिनियुक्तीवर आफ्रिकेतल्या एका देशात काढली. तिथे यादवी चालली होती आणि अनेक देशांच्या तुकड्या मिळून शांतिसेना उभी होती. तिच्या कारभारावर नजर ठेवायला एक छोटं कार्यालय होतं, सर त्याचे प्रमुख. इतक्या लांब सदाशिव पेठेतला साहेब मिळाला याचा मला फार आनंद झाला होता. रविवारी मी मेतकूट-भात करायचे. सर जेवायला यायचे आणि भात पुरेसा आसट झाला नाही असं दर वेळी सांगायचे. मला ते आवडायचं.

सैनिक पाठवणारा देश सोबत सामानही पाठवतो. गाड्या, जनरेटर, पाणी शुद्ध करायची यंत्रं. यंत्र चालू असेल तर त्या देशाला त्याचं भाडं मिळतं, बंद असेल तर मिळत नाही. दर तीन महिन्यांनी निरीक्षक तळावर जाऊन पाहतो आणि तक्त्यात खूण करतो. त्या खुणा खऱ्या आहेत की नाहीत, हे पाहणं माझं काम.

एका तळावर पाण्याचं यंत्र तक्त्यात सलग दोन वर्षं चालू होतं. मी ते चालवून दाखवा म्हटलं. यंत्राला ताजा हिरवा रंग दिलेला होता, इतका ताजा की बोटाला लागला. सोबतचा अधिकारी म्हणाला, "चालवणारा माणूस रजेवर आहे."

"मग झाकण तरी उघडा."

झाकणाचे बोल्ट गंजले होते, अर्धा तास गेला. आत गांधीलमाश्यांचं वाळकं पोळं होतं. पाणी गाळायच्या नळ्या बसवलेल्याच नव्हत्या. त्या कोठारात प्लॅस्टिकच्या वेष्टनात जशाच्या तशा पडून होत्या. अधिकारी बाटलीतलं पाणी पीत होते. सैनिकांना टँकरने नदीचं पाणी येत होतं.

दवाखान्याच्या तंबूत दहा-बारा सैनिक विषमज्वराने पडलेले. तिथला कंपाउंडर पन्नाशीचा, त्यांच्याच देशाचा. तो हळू आवाजात म्हणाला, "मी दर महिन्याला पाण्याबद्दल लिहून देतो, बाई. तो कागद पुढे कुठे जातो ते मला कळत नाही."

मी परत येऊन सगळं लिहिलं. यंत्र एक दिवसही चाललेलं नाही, भाडं मात्र दिलं गेलं, निरीक्षकाने खोट्या खुणा केल्या आणि माणसं आजारी पडली. सरांनी मसुदा वाचला आणि चष्मा काढला.

"उत्तम लिहिलंय. पण असं जाणार नाही."

"का?"

"अहो, तो देश चिडला आणि त्याने तुकडी काढून घेतली, तर दुसरी कोण देणार? तुम्ही देणार आहात का? उद्या गावं जळाली तर तुमचा हा परिच्छेद घेऊन लोकांनी काय करायचं?"

त्यांनी माझ्या देखत नवीन वाक्य लिहिलं: 'जलशुद्धीकरण यंत्रणेच्या कार्यक्षमतेत सुधारणेस वाव आहे.' दीड पानाचं एक वाक्य झालं. आजारी माणसं त्यात कुठेच नव्हती. माझी मुदतवाढ त्याच महिन्यात सरांच्या टेबलावर होती. त्यांनी तिचा उल्लेख केला नाही आणि मीही केला नाही. मी सही केली. मुदतवाढ मिळाली. पुढच्या तिमाहीत यंत्रासमोर पुन्हा बरोबरची खूण होती. त्या तंबूतला एक जण पावसाळ्यात गेला, असं कंपाउंडरने मला भेटून सांगितलं. नोंद नुसती 'ताप' अशी झाली होती.

रविवारचा मेतकूट-भात मी बंद केला. सरांनी कारण विचारलं नाही.

चिटणीसांना मी होकार कळवला. टिळक रस्त्यावरचं सभागृह वेळेआधीच भरलं होतं. सर आता काठी घेऊन चालतात. सूत्रसंचालकाने त्यांना जागतिक शांततेचे पहारेकरी म्हटलं. शाल, श्रीफळ, पुणेरी पगडी झाली. सरांचा पगडीखालचा शांत चेहरा पाहून मला त्यांची किळस आली.

मी माइकपुढे उभी राहिले आणि यंत्राची गोष्ट सांगितली. रंग, पोळं, नदीचं पाणी, सरांचं वाक्य. चिटणीसांनी पुढे केलेल्या चिठ्ठीवर 'वेळ संपली' असं लिहिलं होतं. पुढच्या रांगेतल्या एक बाई शेजारणीला म्हणाल्या, "चांगलं बोलायचं नव्हतं तर यायचं कशाला?"

मग सरांनी बसल्या जागी माइक मागून घेतला.

"बाईंनी सांगितलं ते सगळं खरं आहे," ते म्हणाले. "त्या अहवालावर त्यांचीही सही आहे, एवढं सांगायचं राहिलं."

लोक हसले. ते हसणं सुटका झाल्यासारखं होतं.

"हो, आहे," मी म्हणाले. त्या माणसाची जितकी किळस आली होती तितकीच मला स्वतःची आली. भाषण घरी तीनदा लिहून काढलं होतं, आणि तीनही वेळा सही वगळली होती.

बाहेर बटाटेवडे आणि कॉफी होती. सर काठी टेकत माझ्याजवळ आले. "तुम्ही तेव्हाही हळव्याच होतात," असं म्हणून त्यांनी पेढ्याचा बॉक्स पुढे धरला. मी पेढा घेतला नाही. रिक्षा न करता स्वारगेटपर्यंत चालत गेले.

त्याच आठवड्यात मी त्या कार्यालयाच्या मुख्यालयाला पत्र लिहिलं. मूळ मसुदा जोडला, आणि मी दबावाखाली नव्हे तर मुदतवाढीच्या लोभाने सही केली, असं पहिल्याच ओळीत लिहिलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं. संबंधित दोन्ही अधिकारी निवृत्त झाले आहेत आणि ती मोहीमही आता संपली आहे, त्यामुळे चौकशी करता येत नाही. आपण दाखवलेल्या आस्थेबद्दल आभार.

माझ्या पत्राची प्रत आणि ते उत्तर मी मुलीला वाचायला दिलं. तिला सहीबद्दल तोवर काही माहीत नव्हतं. तिने दोन्ही कागद दोनदा वाचले, घडी घालून मला परत दिले आणि आत गेली.