सरांच्या सायलेन्सरवरचा लाल-हिरवा डाग

दिघोरीला मी पहिल्यांदा गेलो तो सरांच्या मोटारसायकलवर. करडी गावातल्या आमच्या घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिकच्या पलीकडे गेले नव्हते. मी बी. ए. झालो तो भंडाऱ्याला, मला शिकवणाऱ्या या सरांच्या घरच्या पडवीत राहून आणि त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे काकूंच्या, हातचे जेवून. आता दिघोरीच्या शाळेत नोकरी लागली होती. सोमवारी रुजू व्हायचे होते. त्याआधी गाव पाहून खोली शोधावी म्हणून रविवारी सकाळी निघालो.

"संध्याकाळपर्यंत आण," सर एवढेच म्हणाले. ही गाडी त्यांनी सख्ख्या मेव्हण्यालाही कधी दिली नव्हती. रोज शाळेत जाण्याआधी ते उकिडवे बसून तिचा सायलेन्सर फडक्याने पुसत. त्यात बघून भांग पाडता येईल, असे काकू म्हणत.

काकूंनी शिदोरीची पिशवी दिली. प्लास्टिकच्या वायरची, लाल-हिरव्या चौकड्यांची. माझ्या नोकरीची चिठ्ठी आली त्या दिवशी त्यांनी ती विणायला घेतली होती. मी ती मागे डाव्या बाजूला अडकवली.

वैनगंगेच्या पुलावर थोडा थांबलो. खाली मासे धरणाऱ्या ढिवरांचे दोन डोंगे (लहान होड्या) पाण्यावर जागच्या जागी डुलत होते. कारधा गाव मागे पडले आणि दोन्ही बाजूंना बांध्या (धानाची बांध घातलेली शेते) सुरू झाल्या. धान कापून झाले होते. काही बांध्यांत लाखोळी या कडधान्याचा कोवळा हिरवा पाला वर आला होता. गार वारा तोंडावर घेत, आपण मास्तर झालो, असे मी मनात म्हणत होतो.

पुढे रस्ता उखडलेला होता. एका बोडीपाशी (लहान तळ्यापाशी) एक म्हातारे गृहस्थ उकडलेले शिंगाडे विकत बसले होते. मी थांबलो तसे त्यांनी नाक वर केले.

"भाऊ, तुह्यं काहीतरी जळून राहिलं."

"माझं?"

"मंग काय माह्यं? माह्ये शिंगाडे तं पाण्यात हायेत."

पिशवी खाली घसरून सायलेन्सरला टेकली होती. ओढली तर वायरच्या लांबच लांब तारा निघाल्या. तिचे बूड गेले, आणि चकाकत्या नळीवर तळहाताएवढा लाल-हिरवा थर चिकटून बसला. पोळ्यांना प्लास्टिकचा वास लागला होता. त्या बोडीतल्या माशांना घातल्या आणि मी शिंगाडे खाल्ले. शिंगाडे गोड होते, हे त्या अवस्थेतही कळले.

दिघोरीत खोली लगेच मिळाली. घरमालकीण म्हातारी होती. सारे गाव तिला माय म्हणे. खोलीला पूर्वेची खिडकी होती आणि खिडकीतून शाळेची कौले दिसत. मला मात्र डोळ्यांपुढे सायलेन्सर दिसत होता.

"नोकरी लागली न तोंड काहून उतरलं बा तुह्यं?" मायने विचारले.

मी सांगितले. ती गाडीपाशी येऊन वाकली.

"हे होय? कोंड्याची राख देतो तुले. माह्ये गुंड पाह्य कसे झकझक करतेत."

गुंड म्हणजे पाण्याची पितळी घागर. मायच्या ओट्यावर तीन गुंड सोन्यासारखे चमकत होते. मी स्वतः लहानपणापासून धानाच्या कोंड्याच्या राखेनेच भांडी घासलेली. मनात शंका आली नाही. राख घेतली, तणसाचा (धानाच्या पेंढ्याचा) चोथा घेतला आणि जोर लावला. प्लास्टिक हलले नाही. बाजूची अंगठ्याएवढी चकाकी मात्र गेली. तिथे आता माझे तोंड दिसत नव्हते, नुसता धुरकट ठिपका होता. माझा हात तिथेच थांबला.

परतीच्या वाटेवर मी काही पाहिले नाही. या डागासकट गाडी सरांपुढे कशी न्यायची, एवढेच डोक्यात होते. भंडाऱ्यात शिरल्यावर पितळी भांडी करणाऱ्यांच्या गल्लीत घुसलो. एक कारागीर खरादीवर (फिरत्या यंत्रावर) लोटा चढवून कातत होते. त्यांनी हातातले काम संपवले, मग येऊन बोट फिरवले.

"राख कोणं लावली?"

"मीच."

"शिकला हायेस ना? पितळ आरपार पितळ असते, घासलं तरी खालून पितळच निघते. ह्यो क्रोमचा मुलामा हाय. कांद्याच्या टरफलाएवढा. त्याले राख चालत नाही, बाप्पा."

गाडी गरमच होती. त्यांनी बांबूची कामटी दिली. मऊ झालेला थर मी सोलून काढत गेलो, हिरवा आधी, मग लाल. मग त्यांनी नळी गार होऊ दिली. खरादीखाली पितळेचा बारीक, कुरळा कीस पडला होता. त्याचा एक गोळा मला दिला, त्यावर चार थेंब रॉकेल टाकले.

"हे क्रोमपेक्षा नरम. हे झिजन, ते नाही झिजनार. हळू घास, कोणाच्या गालाले लावल्यावानी."

उरलेली पुटे निघाली. फडक्याने पुसल्यावर नळी पुन्हा लखलखली. राखेचा ठिपका तेवढा राहिला. त्याच्या शेजारी, जरा खालच्या अंगाला, चार-पाच बारीक रेघा होत्या.

"ह्या बी माझ्याच का?" मी विचारले.

"नाही. ह्या चाकूच्या हायेत. लय जुन्या."

निघताना किसाचा तो गोळा त्यांनी माझ्या खिशात घातला.

सर फाटकापाशीच उभे होते. त्यांनी काही विचारायच्या आत मी सगळे सांगितले आणि ठिपका दाखवला. सर उकिडवे बसले. मग अगदी हळू विचारले, "प्लास्टिक निघालं कशानं?"

मी खिशातून कीस काढला. त्यांनी तो हातात घेऊन उलटसुलट केला.

काकू दारातून म्हणाल्या, "आता सांगा त्याले, रोज काय पुसून राहता ते. गाडी नवीन होती, माझी रबराची चप्पल सायलेन्सरले चिकटली. ह्यांनी भाजीचा चाकू आणला. मी नको म्हणत होती."

"विद्यार्थ्यासमोर कायले," सर म्हणाले, पण हसत होते. "मला वाटायचं, पुसून पुसून त्या रेघा जातील."

त्या रात्रीच्या जेवणाइतके निवांत जेवण मला आठवत नाही. काकूंनी पिशवीचे बूड उसवून पुन्हा विणले. लाल-हिरवी वायर संपली होती, म्हणून पिवळी लावली.

सोमवारी मी एस. टी.ने दिघोरीला गेलो. मायने पिशवी पाहून विचारले, "बूड दुसरं कसं गा?" मी सांगितले, "मुलामा नाही माय, आरपार विणलं हाय." तिला काही कळले नाही, पण तिने पिशवी घेऊन तिच्या तीन गुंडांशेजारच्या खुंटीला टांगली.