नाण्याचं माहेर

शनिवारी इथे जर्मनीत, येना गावातल्या नाणीवाल्यांच्या बैठकीतून घरी आले, की पदरात एक नवा किस्सा असतोच. आता इतके झालेत, की पुण्याची बहीण फोन उचलताच म्हणते, "अगं, आधी तब्येत तरी सांग!"

मला तिथे नेलं आमच्या व्याह्यांनी. सुनेचे वडील, डीटर. जन्म गेला भिंगांच्या कारखान्यात, जीव मात्र अमेरिकेच्या सेंटांत. चाळीस वर्षं जमवलेला अल्बम आमच्या दोघांच्या नातीला, मीराला, अठराव्या वाढदिवसाला द्यायचाय. त्यात एकच खाच रिकामी.

*

पहिल्याच दिवशी त्यांनी दोन सेंट पुढे ठेवले. साल तेच, चेहरा तोच. एकावर बारीकसा S, दुसऱ्यावर काहीच नाही. दुभाषी म्हणून मीरा सोबत. ती सावकाश जर्मनमध्ये सांगते, तेवढं मला कळतं. "आजी, हा साधा कॉफीच्या भावात, आणि S-वाला वॉशिंग मशीनच्या!"

S म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोची टांकसाळ. तिथे त्या साली थोडेच पाडले होते.

"अहो, म्हणजे माहेर बघून भाव!"

मीरानं सांगितल्यावर डीटरनी टेबलावर थाप मारली. "गेनाऊ!" म्हणजे अगदी बरोबर.

*

मी विचारलं, बिनअक्षराचं कुठलं? तर म्हणे फिलाडेल्फियाचं. सगळ्यांत जुनी टांकसाळ, ती पूर्वी बहुतेक अक्षर घालायचीच नाही.

"थोरली जाऊ दिसतेय," मी म्हटलं. "नाव सांगायचं नाही, समोरच्यानंच ओळखायचं!"

*

दिवाळीत डीटरनी मला एक सेंट भेट दिला. मी चिंच-मीठ लावून लख्ख घासला आणि लक्ष्मीपुढे ठेवला. त्यांनी बघितला आणि मटकन खाली बसले. घासलं की नाण्याची किंमत जाते म्हणे!

"विहीणबाई शंभर वर्षं धुऊन बसल्या!"

नशीब, त्यावर अक्षर नव्हतं. तरी पुढचे दोन शनिवार त्यांनी अल्बम मांडीवरून हलवला नाही.

*

आणि गेल्या महिन्यात ते शेवटचं नाणं आलं! विकणारा सूटबूटवाला. डीटर त्याबदली वडिलांचा अकॉर्डियन द्यायला निघाले. भिंगातून सगळ्यांनी S वाचला, माना डोलावल्या. मला कुठे वाचता येतंय? मी नुसतं बघितलं.

"अहो व्याहीबुवा, बाकीची अक्षरं नाकासारखी चेहऱ्यातूनच आलीत. हा मात्र टिकलीसारखा वरून लावलाय."

विकणारा हसला. "आजीबाईंची शाळा कुठली?"

"तुमची नक्की नाही!"

डीटरनी सुईचं टोक S च्या कडेला लावलं. टुण्‌! S टेबलावर. विकणारा जाताना कोट विसरून गेला!

टाळ्या वाजल्या. डीटर मात्र हसले नाहीत. त्यांनी अल्बम उघडला, सगळ्यांत महागडे तीन S-वाले सेंट काढून माझ्यापुढे मांडले.

"विहीणबाई, बिट्टे." बघा ना, प्लीज.

मी भिंग घेतलं. पहिला बघितला. दुसरा बघितला. तिसरा जरा जास्तच वेळ बघितला. मग भिंग खाली ठेवलं.

"मीरा," मी म्हटलं, "आधी आजोबांना कॉफी आण."